जुनी पद्मिनी: मूळ रूपात आणायची की मनासारखी करून घ्यायची?

मामांची किंवा वडिलांची प्रीमियर पद्मिनी शेडमध्ये धूळ खात उभी आहे, विकायची नाही, भंगारात तर मुळीच घालायची नाही. इथवर बहुतेकांचं ठरलेलं असतं. गाडी अडते ती पुढे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघाली तशी करायची, की खाली दाबून, अलॉय चढवून, दमदार इंजिन बसवून घ्यायची? दोन्हीकडची मंडळी तावातावाने भांडतात. पण तुम्ही आधी आरसी बुक उघडा, कारण निम्मा निकाल तिथेच लागतो.

2021च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेली, खासगी वापराची आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, नंतर नूतनीकरणाला 5,000. पद्मिनी हे नाव आलं 1974 साली. म्हणजे सुरुवातीच्या पद्मिन्या आता कुठे या रांगेत येताहेत. याच गाडीचं आधीचं रूप असलेली 1964ची फियाट डिलाइट किंवा त्याआधीची, पुढची दारं उलटी उघडणारी ‘डुक्कर’ फियाट मात्र केव्हाच पात्र झाली. जुनी काळी-पिवळी घेऊन तिला खासगी रंग मारायचा विचार असेल, तर हा रस्ता मोकळाच असेल असं धरून चालू नका.

आणि व्हिंटेज नोंदणी झाली म्हणून रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर. रविवारी सकाळी वडापाव खायला लोणावळ्याला जायचं असेल, तर साधी नोंदणी ठेवून दर पाच वर्षांनी नूतनीकरण केलेलं बरं.

फेरफारवाल्यांसाठी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019मध्ये स्पष्ट केलं. रंग बदलला तर आरसीवर नोंद हवी, इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी. ‘सगळं मॅनेज होतं’ म्हणणारा गॅरेजवाला विम्याचा दावा फेटाळला गेला की फोन उचलत नाही.

खर्चाचं म्हणाल, तर पहिला मोठा घास दोन्ही वाटांवर पत्राच खातो. पद्मिनीला वेगळी चेसिस फ्रेम नाही. बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे फ्लोअर किंवा दारांखालचे पट्टे कुजले असतील, तर वरून कितीही चकाचक रंग मारा, गाडी आतून पोकळच. मॅट उचलून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने फरशी ठोकत जा. टणटण वाजली तर ठीक, भद्द आवाज आला की समजा. दारांखाली लोहचुंबक फिरवा. जिथे चिकटत नाही, तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे.

मूळ रूपाच्या वाटेवर इंजिन हा खरं तर सोपा भाग. 1,089 सीसीचं साधं यंत्र, कार्ब्युरेटर, चार गिअर स्टिअरिंगजवळच्या दांड्यावर. जुना फिटर डोळे मिटून खोलतो. छळतात ते बारीकसारीक भाग: ग्रिल, क्रोमच्या पट्ट्या, बॅज, मीटरची काच, दारांची रबरं. कुर्ल्याच्या भंगार बाजारात, चोर बाजारात नाहीतर पुण्याच्या जुन्या बाजारात चकरा मारायची आवड असेल तरच ही मजा आहे. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची 20 वर्षांची मुदत ऑक्टोबर 2023मध्ये संपली. टॅक्सींच्या जिवावर टिकलेला पार्टचा धंदाही त्याआधीपासूनच आटत गेला होता.

मनासारखी करायची तर पद्मिनीत बसवायला लोकप्रिय इंजिन म्हणजे प्रीमियरच्याच 118 एनई या दुसऱ्या गाडीचं, निस्सानचं 1,171 सीसी. गाडीची कंपनी तीच, गिअर खाली मजल्यावर, चालवायला हलकी. पण वेग वाढवला तर ब्रेकचाही विचार करावा लागतो. चारही चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक असलेली गाडी आहे ही. इथेच बहुतेकांचं बजेट फाटतं: इंजिनाला पैसे असतात, ब्रेकला नसतात. असं काम करूच नये, हे माझं ठाम मत.

मला स्वतःला तिसरी वाट पटते. जे उलट फिरवता येतं तेवढंच बदलायचं: डायनॅमोच्या जागी अल्टर्नेटर, डिस्ट्रिब्युटरमध्ये इलेक्ट्रॉनिक इग्निशन, रेडियल टायर, हेडलाइटला रिले, सीटबेल्ट. काढलेले मूळ भाग तेल लावून खोक्यात. मात्र पत्रा कापायचा नाही, बोनेटला भोक पाडायचं नाही. उद्या मुलीला ती मूळ रूपात हवी झाली, तर एका आठवड्याचं काम.

गाडी घरची नसून विकत घेताय? मग टोकन देण्याआधी बोनेटखालचा चेसिस नंबर आणि इंजिनावरचा नंबर स्वतः पुसून आरसीशी ताडून बघा. अनेक पद्मिन्यांची इंजिनं कित्येक वर्षांपूर्वीच बदललेली असतात आणि नोंद कुणीच केलेली नसते. तसं निघालं, तर आधी विकणाऱ्याकडून नोंद करून घ्या, पैसे मग.