टेली-मानस १४४१६ : सांगलीतून केलेल्या एका फोनचा अनुभव

धाकट्या भावाची झोप उडून आणि त्याचे दुकानात येणे बंद होऊन तीन महिने झाले, तरी आमच्या घरात त्याच्या आजाराचे नाव कोणी घेतले नव्हते. बहिणीच्या स्थळाची बोलणी चालू असल्यामुळे गणपती पेठेतल्या ओळखीच्यांना आम्ही कावीळ झाल्याचे सांगत होतो. शेवटी, घरात कोणी ऐकेल या भीतीने, मी आयर्विन पुलाजवळच्या घाटावर जाऊन १४४१६ हा क्रमांक लावला.

टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची केंद्र शासनाची विनामूल्य फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली आणि ती चोवीस तास चालते. तेथे मराठीत बोलता येते, हे मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण ‘त्याला जीव नकोसा झाला आहे’ हे वाक्य दुसऱ्या कोणत्याही भाषेत माझ्या तोंडून निघाले नसते. मी दोनदा गप्प झालो, तेव्हा पलीकडच्या बाई शांतपणे थांबल्या. आत्महत्येबद्दल थेट विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, हे त्यांनीच मला समजावले.

तपासणीसाठी आणि नियमित औषधांसाठी मात्र आम्हाला दवाखान्याची पायरी चढावीच लागली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तरीही एका औषध दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर ‘या डोक्याच्या गोळ्या कोणाला?’ असे मला विचारले गेले. आता मी औषधे मिरजेहून आणतो. भाऊ पुन्हा दुकानात बसू लागला आहे. बहिणीच्या सासरी अजून कावीळच सांगितलेली आहे, याचे मला फार वाईट वाटते.