ॲग्रीएबल ग्रे की ॲक्सेसिबल बेज?

अमेरिकेत घराला रंग द्यायचा म्हटलं की शेरविन-विल्यम्स या रंग कंपनीच्या या दोन छटा हमखास समोर येतात. ॲग्रीएबल ग्रे (७०२९) आणि ॲक्सेसिबल बेज (७०३६). कार्डावर त्या सख्ख्या बहिणी वाटतात. प्रकाश परावर्तनाचा आकडाही जवळपास सारखाच, पहिलीचा ६०, दुसरीचा ५८. म्हणजे उजेडाच्या बाबतीत फरक नगण्य. खरा फरक आहे झाकेत.

आम्ही दोन्हींचे मोठे तुकडे रंगवून दिवाणखान्याच्या उत्तरेकडच्या भिंतीवर चिकटवले, पांढऱ्याशुभ्र चौकटीला अगदी लागून. सकाळी ग्रे राखाडीच दिसला, ढगाळ दिवशी तर थोडा गारठलेला. शेजारचा बेज मात्र त्याच उजेडात दुधाळ चहासारखा उबदार. संध्याकाळी पिवळसर दिवे लावले आणि ग्रे एकदम मऊ झाला, बेज थोडा जास्तच पिवळा वाटू लागला. म्हणून सांगते, नमुना दिवसातून तीनदा पाहिल्याशिवाय डबा आणूच नका.

सागवानी देव्हारा, पितळी समया, मधाळ ओक लाकडाची कपाटं असतील तर माझं मत ठामपणे बेजला. लाकूड त्यात मिसळून जातं. ग्रेपुढे तेच ओक नारिंगी दिसायला लागतं, आणि ते एकदा डोळ्यात भरलं की जात नाही. फरशी करडी आणि खिडक्या दक्षिणेला असतील तर ग्रे छान खुलतो. छताला दोन्हींसोबत साधा पांढरा चालतो.

आमच्या उत्तरेच्या खोलीत बेज लागला.