टायटॅनियम-लोखंड की लँथॅनम-निकेल?

हायड्रोजन साठवायला छोटी टाकी करायची आहे, पण तो शोषून धरणारा मिश्रधातू ठरत नाहीये, असं विचारणारे पुण्यात हल्ली बरेच भेटतात. भोसरीतून करून घेतलेल्या टाक्यांत मी दोन्ही भरून पाहिलेत.

कागदावर टायटॅनियम-लोखंडच जिंकतं. वजनाच्या सुमारे 1.9 टक्के हायड्रोजन त्यात मावतो, लँथॅनम-निकेलमध्ये 1.4. निकेलचा खर्च वाचतो. शिवाय कच्चा माल आपल्याच दारात: रत्नागिरीच्या काळ्या वाळूतलं इल्मेनाइट म्हणजे टायटॅनियम आणि लोखंडाचंच ऑक्साइड. 1974 साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या रायली आणि विस्वॉल यांनी हा मिश्रधातू पुढे आणला, तेव्हापासून स्वस्त साठ्याचा विषय निघाला की हेच नाव येतं.

घोडं अडतं ते ॲक्टिव्हेशनपाशी, म्हणजे धातूला पहिल्यांदा हायड्रोजन घ्यायला तयार करण्यापाशी. या धातूवर ऑक्साइडचा चिवट थर असतो. तो हटवायला व्हॅक्यूममध्ये साधारण 400 अंशांपर्यंत तापवा, मग जास्त दाबाने हायड्रोजन द्या, हे चक्र पुन्हा पुन्हा करा. टाकीच्या व्हॉल्व्हची रबरी सील एवढं तापमान सोसत नाही. म्हणजे हे काम वेगळ्या भांड्यात करायचं आणि भुकटी आर्गॉन या निष्क्रिय वायूत टाकीत हलवायची. त्यात कुठे हवा शिरली, तेही पावसाळ्यात, की मागचे सगळे कष्ट वाया. मला सगळ्यात जास्त छळलं ते मात्र दाब दाखवणाऱ्या गेजच्या काट्याने. दाब देऊन बसावं आणि काटा ढिम्म. धातू अजून झोपलाय की हवेने बिघडलाय, हे बाहेरून कळतच नाही.

लँथॅनम-निकेलला खोलीच्या तापमानाला नीट व्हॅक्यूम करून हायड्रोजन सोडला, की थोड्या वेळात काटा उतरायला लागतो आणि टाकीचं अंग हाताला गरम लागतं. धातू गॅस पितोय हे तिथेच समजतं. थोडी हवा लागली तरी सहसा परत उठतो.

लोखंडाच्या जागी थोडं मँगनीज घातलं तर टायटॅनियम-लोखंडाचा हट्ट बराच कमी होतो, हे मान्य. एका जागी बसणारी मोठी टाकी असेल आणि हाताशी चांगला ग्लोव्ह बॉक्स (हवा न लागता आत हात घालून काम करायची बंद पेटी) असेल, तर त्याचा विचार जरूर करा. पण पहिलीच टाकी असेल तर मी तरी लँथॅनम-निकेलच घेईन, महाग पडलं तरी. फक्त टाकी धातूने काठोकाठ भरू नका, हायड्रोजन घेताना धातू जवळपास पाव पटीने फुगतो. आणि तोंडाशी सिंटर्ड (भुकटी तापवून जोडलेल्या, सच्छिद्र) स्टीलचा फिल्टर लावाच, नाहीतर बारीक भुकटी थेट रेग्युलेटरमध्ये जाते.