ब्रिज मोडचे नऊ महिने: नेट झकास, पण ते ‘रिफ्रेश’ बंद करा

सोमवारी आमच्या गल्लीत ड्रेनेजसाठी खणताना फायबर तुटली. तक्रार केली, मुलं आली, संध्याकाळी जोडून गेली. कंपनीच्या डब्यावर (फायबरच्या मोडेमवर) पॉनचा, म्हणजे फायबर जोडल्याचा, दिवा हिरवा; लॉसचा, म्हणजे सिग्नल नसल्याचा, लाल दिवा बंद. म्हणजे लाइन ठीक. तरी नेट नाही. लॅपटॉप थेट डब्याला लावून सेटिंगचं पान उघडलं आणि डोकं सणकलं. ब्रिज मोडवर डबा नेट नुसतं पुढे देतो, बाकी काम माझा राऊटर करतो; तो उडवून डबा परत राऊट मोडवर, म्हणजे सगळं स्वतः करण्यावर, टाकलेला. नऊ महिन्यांतली ही चौथी वेळ.

ब्रिज का केला ते आधी सांगतो. आमचं घर जुळे सोलापूरला, दोन मजली. कंपनीचा डबा खाली टीव्हीमागे, वर रेंज नाही. म्हणून २,२०० रुपयांचा राऊटर घेतला आणि डब्याच्या मागे जोडला. रेंज आली, पण डबल नॅट झालं, म्हणजे घरातल्या सगळ्या उपकरणांना एका पत्त्यामागे ठेवायचं राऊटरचं काम दोन्ही डबे करायला लागले. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचे हिशेब मी घरून बघतो. तिथल्या कॉम्प्युटरला व्हीपीएनने (नेटवरच्या खासगी जोडणीने) जोडलं की संध्याकाळी सात-आठला हमखास तुटायचं. जीएसटी भरायच्या आठवड्यात तर जीव रडकुंडीला यायचा.

सप्टेंबरात ब्रिजसाठी तक्रार टाकली. आलेला मुलगा म्हणाला, “सर, ब्रिज कशाला ओ? असलं कुणी मागत नाही.” पण पोरगं गुणी. इंटरनेटची नोंद राऊटवरून ब्रिजवर घेतली, व्हीलॅन, म्हणजे नेटच्या वाटेचा, नंबर तोच ठेवला, लॅन एकच्या पोर्टला बांधली, डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटणं) आणि वायफाय बंद केलं. मग दुसरी एक नोंद डिलीट करायला निघाला तेव्हा मी म्हटलं, “थांब बाळा, ती व्हॉइसची आहे.” आईचा लँडलाइन त्याच डब्यातून चालतो. बार्शीच्या मावशीला आईचा तेवढाच नंबर पाठ आहे. ब्रिज करताना ही नोंद जपा, फोन पहिल्यासारखा चालू राहतो.

युजरनेम-पासवर्ड राऊटरमध्ये टाकले तरी पहिली पंधरा मिनिटं काही जोडलं नाही. डब्याचं जुनं सेशन (जोडणी) कंपनीकडे अडकून होतं, आणि एका खात्याला एकच सेशन मिळतं. डबा बंद करून चहा घेतला, परत चालू केला, लागलं. राऊटरचा स्वतःचा पत्ताही १९२.१६८.१.१ होता, म्हणजे डब्याचाच. तो १९२.१६८.१०.१ केला, नाहीतर दोघांची टक्कर होते. एका बँकेची साइट अर्धवट उघडायची, तीही एमटीयू (डेटाच्या एका पाकिटाचा कमाल आकार) १५०० वरून १४९२ केल्यावर उघडली. पीपीपीओईला, म्हणजे युजरनेम-पासवर्डने जोडायच्या या पद्धतीला, स्वतःसाठी ८ बाइट लागतात, तेवढी जागा सोडावी लागते.

पहिल्या महिन्यात माझा मात्र हिरमोड झाला होता. वाटलं होतं, ब्रिज केला की पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता) मिळेल आणि कारखान्यातून थेट घरच्या कॉम्प्युटरवर येता येईल. राऊटरवर पत्ता दिसला १०० ने सुरू होणारा, सीजीनॅटचा, म्हणजे कंपनी अनेक ग्राहकांना एका पत्त्यामागे ठेवते त्यातला. आपलं एक नॅट गेलं तरी कंपनीचं आहेच. स्टॅटिक (कायमच्या) आयपीचे पैसे वेगळे मागितले, मी दिले नाहीत. त्या वेळी कुणी विचारलं असतं तर ब्रिजच्या फंदात पडू नका म्हणालो असतो.

मत बदललं मे महिन्यात. पारा ४३ च्या पुढे. आदल्या उन्हाळ्यात डब्यावर हात ठेववत नव्हता, आणि तापला की वायफाय गळायचं. यंदा वायफाय आणि राऊटिंगचा भार नाही, तर भर दुपारी डबा नुसता कोमट. व्हीपीएन मार्चपासून एकदाही तुटलं नाही, ब्रिज उडाला ते दिवस सोडून. २,२०० रुपये वसूल झाले.

आता त्या उडण्याबद्दल. आधी मी लाइट जाण्याला दोष देत होतो. वारा सुटला की आमच्याकडे लाइट जातेच. पण तारखा वहीत मांडल्या तर लाइट कितीदा तरी गेली होती आणि ब्रिज शाबूत होता. उडाला तो चारही वेळा माझ्याच तक्रारीनंतर! फोनवरची व्यक्ती म्हणते, “सर, इकडून रिफ्रेश करते,” आणि टीआर-०६९ वरून (लांबून डब्याची सेटिंग बदलायची सोय) कंपनीची मूळ सेटिंग डब्यात येऊन बसते. लाइन तुटलेली असली तरी सेटिंग तिकडे वाट बघत असते, फायबर जोडली की उतरते.

माझी मागणी एवढीच आहे: खात्यावर एक शेरा लिहा, ‘ग्राहक ब्रिजवर आहे, रिफ्रेश करू नये.’ चार वेळा मागितला, चार वेळा “नोट केलंय सर” ऐकलं. आणि व्हीलॅन नंबर विचारला की “सिक्युरिटीमुळे सांगता येत नाही.” अहो, गुपित असतो तो पासवर्ड. व्हीलॅन म्हणजे आमचं नेट कुठल्या वाटेने येतं त्याचा नुसता क्रमांक. महिन्याचे पैसे आम्ही भरतो, तो क्रमांक आम्हाला लेखी मिळायलाच हवा. मिळत नाही म्हणून दर वेळी कुणाला तरी घरी बोलवावं लागतं आणि माझे दोन दिवस जातात.

या वेळी आलेल्या मुलाकडून प्रत्येक पानाचा फोटो काढून घेतला. व्हीलॅन, पोर्ट, व्हॉइसची नोंद, सगळं वहीत उतरवलं. डब्यावर कागद चिकटवलाय: ब्रिज, हात लावू नये. तक्रार त्यांनी ‘सोडवली’ म्हणून बंद केली होती, ती मी काल परत उघडली. सहा महिन्यांचं रिचार्ज ऑगस्टमध्ये संपतंय. तोवर शेरा पडला तर याच कंपनीचं भरीन, नाही पडला तर आमच्या खांबावर दुसऱ्या कंपनीची फायबर आलेली आहे.