आठ महिने जेंबे आणि त्यावरचा नाच: नवशिक्याच्या वर्गाचा अनुभव

'आफ्रिकन डान्स' या पाटीखाली काहीही शिकवलं जातं, त्यामुळे पैसे भरण्याआधी वर्ग नेमका कुठल्या परंपरेचा आहे ते विचारून घ्यावं. इथे लिहिलंय ते गिनी आणि मालीकडच्या मांदिंग लोकांच्या परंपरेबद्दल: हाताने वाजवायचा जेंबे, काठीने वाजवायचे तीन डुनुन ढोल आणि त्यांच्यावरचा नाच. सेनेगलचा साबार हा ढोल एका हातात काठी घेऊन वाजवतात. घानाच्या गा लोकांचा क्पानलोगो हा नाच-ताल वेगळ्याच ढोलांवर वाजतो. दक्षिण आफ्रिकेतल्या खाणकामगारांच्या गमबूट नाचात तर ढोलच नसतो, थापा पडतात त्या बुटांवर. तीन महिन्यांत हे सगळं शिकवतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. आणि हो, भारतातल्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दींच्या धमाल नाचाशी जेंबेचा थेट संबंध लावू नका. सिद्दींचे पूर्वज मुख्यतः पूर्व आफ्रिकेतून आले, जेंबे पश्चिमेचा.

आठवड्याला दोन वर्ग, एक वादनाचा, एक नाचाचा. एकच परवडणार असेल तर? माझं मत: महिन्याआड आलटून पालटून करा, पण दोन्ही करा. कारण पुढे येईल.

हात

जेंबेचे आवाज तीन. मधोमध सपाट तळहाताची थाप म्हणजे बास. बोटं जुळवून, बोटांच्या मुळाशी असलेला तळव्याचा भाग काठावर ठेवून अख्खी बोटं पानावर (ढोलाच्या चामड्यावर) पडली की टोन. हात त्याच जागी ठेवून बोटं सैल सोडली आणि फक्त टोकांचा चटका बसला की स्लॅप. नव्वद टक्के नवशिके स्लॅपसाठी जोर लावतात आणि हात आत सरकवतात. मग निघतो तो ना टोन ना स्लॅप, नुसता फटका. टोन आणि स्लॅपचा फरक जोरात नाही, बोटांच्या ताणात आहे. तबला-ढोलकीवाल्यांची अडचण वेगळी: त्यांची बोटं सुटी सुटी चालायला सोकावलेली असतात, इथे पंजा एकसंध पडावा लागतो. अंगठा वर उचललेला हवा, नाहीतर काठावर आपटून महिनाभर काळानिळा राहतो. अंगठ्या, कडं वर्गाबाहेर.

बिनहाताच्या खुर्चीच्या कडेला बसून ढोल पुढे कलता धरायचा, म्हणजे तळाचं तोंड जमिनीवरून उचललं जातं. ढोल सरळ उभा ठेवला की बास आतच कोंडतो. 'माझ्या जेंबेला बास नाही' ही तक्रार बहुतेक वेळा इथेच मिटते.

तळवे पहिले तीन-चार आठवडे हुळहुळतात, ते चालायचंच. पण दोन-तीन तास जोरात वाजवल्यावर लघवी लालसर तपकिरी झाली तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. सततच्या आघाताने तांबड्या पेशी फुटून असं होतं, हातांनी ढोल वाजवणाऱ्यांमध्ये त्याच्या नोंदी आहेत. आमच्याकडे वर्गात याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, ही तक्रार आहेच.

मोकळ्या मात्रा

सुरुवातीला शिकवलेला एक आठ मात्रांचा ठेका असा: पहिल्या मात्रेवर स्लॅप, दोन मोकळ्या, चौथीवर स्लॅप, दोन मोकळ्या, सातवी-आठवी टोन. उजवा, डावा, उजवा, डावा. सोपा दिसतो, आणि हमखास सगळे यातच फसतात. मोकळ्या मात्रा खाल्ल्या जातात, टोनची जोडी लवकर येते, आठाचं चक्र साडेसातावर येतं आणि पाचव्या फेरीला अख्खा वर्ग पळत सुटलेला असतो. उपाय मोजणं नव्हे. पहिल्या आणि पाचव्या मात्रेला पाऊल टाकायचं आणि मोकळ्या मात्रेतही ज्या हाताची पाळी आहे तो हवेत हलू द्यायचा. पावलं नाचाच्या वर्गात पक्की होतात, म्हणून दोन्ही वर्ग.

मेट्रोनोमचं ॲप पहिले दोन महिने ठीक. पुढे ते नडतं, कारण मांदिंग वादनातल्या बारीक मात्रा बऱ्याच तालांत समान अंतराच्या नसतातच. तो झोल काढून टाकला की ताल बरोबर येतो, पण झोपलेला वाटतो.

डुनुन नसतील तर

डुंडुनबा, सांगबान, केंकेनी: मोठा, मधला, लहान. काठीने वाजतात, वर लोखंडी घंटा. तालाची ओळख सांगबानवरून पटते, जेंबेचे साथीचे ठेके तर अनेक तालांत सारखेच असतात. डुनुनऐवजी मोबाइलवर ट्रॅक लावणारा वर्ग सोडून द्यावा. ट्रॅक तुमच्यासाठी थांबत नाही आणि तुमच्याकडे बघतही नाही. आपले कान समेवर येऊन टेकायला शिकलेले. सांगबानचा ठेका आड मात्रेवरून उठला की सम भलतीकडेच ऐकू येते. आधी पाऊल, मग घंटा, मग काठी, या क्रमाने घेतलं तर ते सुटतं.

गंमत म्हणजे नवशिक्यांना हमखास शिकवला जाणारा कुकू हा गिनीच्या वनप्रदेशातला ताल मुळात डुनुनशिवायच वाजायचा. डुनुन पुढे मंचावर जोडले गेले. गिनीच्या फोदेबा केइताने पॅरिसमध्ये उभा केलेला बॅले, म्हणजे नृत्यपथक, 1958 साली गिनी स्वतंत्र झाल्यावर राष्ट्रीय झाला, आणि गावच्या गोलातला नाच रांगांमध्ये, ठरावीक वळणांसह बसवला गेला. 1964 मध्ये बॅले जोलिबा या गिनीच्याच पथकात गेलेले जेंबेवादक मामादी केइता त्याच घडणीतले. वर्गात 'पारंपरिक' म्हणून येतं त्यातलं बरंचसं असं मंचावरचं आहे, हे माहीत असलेलं बरं.

नाच

गुडघे सैल, धड कमरेतून पुढे झुकलेलं, अनवाणी पाऊल. भरतनाट्यमवाल्यांचा कणा ताठ राहतो आणि गुडघे बाहेर उघडतात. इथे गुडघे पुढे आणि पाठ वाहती हवी. लेझीम खेळलेली माणसं लवकर रुळतात. फरशीखाली सिमेंट असेल तर दीड महिन्यात नडगी किंवा टाच बोलू लागते. लाकडी जमीन नसेल तर उड्या निम्म्या करा. योगा मॅट घालू नका, पाऊल अडकून घोटा मुरगळतो. मानेचे झोके पहिल्या महिन्यात छोटेच घ्या, चक्कर येते.

रांगा ढोलांच्या दिशेने पुढे येतात आणि मुख्य जेंबेवाला ब्रेक (बदलाचा इशारा देणारा तुकडा) वाजवतो तेव्हा पदन्यास बदलतो, पथकात ताशावाला इशारा देतो तसाच. तो ब्रेक वाजवून पाठ नसेल तर नाचताना पुढच्याकडे बघून अर्धी मात्रा उशिरा बदलता. वाजवून झालेला असेल तर पाय आपसूक वळतात.

ढोल विकत घेणं

दोन महिने वर्गातलाच वापरा. मग साधारण 12 इंची पानाचा, 24 इंच उंचीचा, दोरीने ताणायचा घ्या. पर्यटकांच्या दुकानात दिसणारे बरेचसे इंडोनेशियात लेथवर कातलेले आणि हलके असतात. किनाऱ्यावर बसून वाजवायला चालतील. काठावरून बोट फिरवून बघा, धारदार लागला तर घेऊ नका.

पावसाळ्यात बकरीचं पान ढिलं पडतं आणि आवाज बसतो. तेव्हा दोरी ओढायचा मोह आवरा. जुलैत ताणलेलं पान ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात आकसतं आणि एखाद्या दुपारी कोपऱ्यात उभं असतानाच फाटतं. ताणायचंच तर उघाडीत, मोकळ्या दोरीने दोन उभ्या दोऱ्यांची एकमेकींवर फुली पाडत, एका दिवशी तीन-चार ओढी, आणि मग रात्रभर विसावा. बंद गाडीत ढोल कधीच ठेवू नका.

फ्लॅटमध्ये सराव करायचा तर पानावर दुमडलेला टॉवेल टाका. स्लॅप कळत नाही, पण मोकळ्या मात्रा पक्क्या होतात. शिवाय खालच्या मजल्यावरून फोन येत नाही.