७,८८,७०० रुपये आणि ५ एप्रिलची नोंद

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना हसायचंय त्यांचं हसून होईल. विमानाच्या एका जुन्या इंजिनापायी बुडालेले सात लाख अठ्ठ्याऐंशी हजार सातशे रुपये. टोकन ५१,०००. आरटीजीएसनं ४,२५,०००. रोख २,६०,०००. 'रिलीज सर्टिफिकेट आणि पेपरवर्क'चे ३८,५००. टेम्पो आणि क्रेन १४,२००. यातले टेम्पोवाल्याचे तेवढे सत्कारणी लागले. त्यानं सांगितलेला माल सांगितलेल्या जागी आणून टाकला.

मी बडोद्याचा. मकरपुरा जीआयडीसीत एकतीस वर्षं मशीनशॉप चालवतोय. दोन शतांश मिलिमीटर इकडंतिकडं झालं म्हणून कारागिरांवर ओरडणारा माणूस मी. आणि मलाच वाकलेल्या क्रँकशाफ्टचं, म्हणजे मधला मुख्य फिरता दांडाच वाकडा असलेलं, इंजिन विकलं गेलं. हे लिहायला सहा महिने लागले ते या लाजेपायी. शॉपमधल्या पोरांना अजूनही वाटतं की इंजिनाचे 'काही पार्ट बाहेरून यायचेत'.

२०१९ पासून शेडमध्ये विमान बांधतोय. सीएच ७०१, दोन सीटचं, ख्रिस हाइन्ट्झचं डिझाइन. सगळं ६०६१-टी६ चा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि एकाच बाजूनं ठोकता येणारे ब्लाइंड रिवेट. पत्रेकाम येणाऱ्या माणसाला यात भिण्यासारखं काही नाही, फक्त चिकाटी हवी. दोन्ही पंख तयार होऊन छताच्या कैच्यांना टांगलेत, फ्यूजलाज, म्हणजे विमानाचं धड, चाकांवर उभं आहे. हा नाद असणाऱ्या कुणालाही विचारा, गाडी कुठं अडते? इंजिनापाशी. बाकी सगळं हातानं होतं, इंजिन विकत घ्यावं लागतं. नव्या रोटॅक्स ९१२ यूएलएसचं, म्हणजे अशा छोट्या विमानांच्या शंभर हॉर्सपॉवरच्या इंजिनाचं, जे कोटेशन मला मिळालं होतं ते मी सौ.ला आजतागायत दाखवलेलं नाही.

अशा वेळी कुणी तुमच्यापर्यंत येऊन पोचतो, आपण त्याच्यापर्यंत जात नाही. एवढं एक लक्षात ठेवा.

२०२४ च्या ऑक्टोबरात इथं सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानाच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. तेव्हापासून आमच्याकडं नट-बोल्ट विकणाराही स्वतःला एरोस्पेस व्हेंडर म्हणवून घेतो. त्याच लाटेत हा माणूस शॉपवर आला. चाळिशीचा, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट, कार्डावर विमानाचं चित्र. आणि मराठी! आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्याचं नाव ऐकल्यावर म्हणाला, "काका, माझे आजोबा गायकवाड सरकारच्या खात्यात होते." बडोद्यातल्या प्रत्येक मराठी माणसाचे आजोबा गायकवाड सरकारच्या खात्यात होते. हे मला माहीत नव्हतं का? होतं. तरी चहा सांगितला, बाकरवडी मागवली.

पहिला व्यवहार ११,३४० रुपयांचा, विमानात वापरतात त्या एएन बोल्टचा. माल अस्सल. डोक्यावर क्रॉसची खूण, पिवळसर कॅडमियम, आटे बारीक. एक बोल्ट मी व्हाइसमध्ये धरून वाकवून पाहिला, मोडला नाही. बिल पक्कं, जीएसटीसकट. गळाला लावलेलं गांडूळ खरंच असतं हो, मासाच मूर्ख असतो.

मग फेब्रुवारी २०२५ मध्ये फोन. "काका, तुमच्यासाठीच ठेवलंय. ९१२ यूएलएस, शंभर हॉर्सपॉवर, फक्त ३१२ तास चाललेलं. मालक मुलाकडं कॅनडाला चाललेत." अंकलेश्वरच्या पुढं गोदामात आहे, येऊन बघा, चालवून दाखवतो. टोकन द्या, नाहीतर शनिवारी हैदराबादची पार्टी येतेय.

हैदराबादची पार्टी! वाचताना तुम्हाला दिसतंय ना? मलाही आता दिसतं. माझा एक मित्र हवाई दलातून सार्जंट म्हणून निवृत्त झालाय, इंजिन फिटर. तो म्हणाला होता, रविवारी मी रिकामा आहे, बरोबर येतो. मी शुक्रवारी एकटा गेलो. त्या पार्टीच्या भीतीनं.

आता त्या शुक्रवारचं सांगतो.

इंजिन लोखंडी स्टँडवर बसवलेलं, पुढं तीन पात्यांचा टेस्ट प्रॉपेलर, मागं भिंतीला निळं प्लास्टिकचं पिंप. त्यानं आधी प्रॉपेलर हातानं फिरवला. ऑइल टाकीतून 'गुर्र' असा आवाज आला. रोटॅक्सवाले ऑइल तपासण्याआधी हेच करतात, म्हणजे माणसाला माहिती होती. ऑइलमधले लोखंडाचे कण धरून ठेवणारा मॅग्नेटिक प्लग मी स्वतः उघडून पाहिला. लोखंडाचा एक कण नाही. इतका स्वच्छ की आदल्या दिवशी पुसून ठेवला असावा, हे घरी आल्यावर सुचलं. रबरी होज काळेभोर, चकचकीत. त्यांना गाडीच्या डॅशबोर्ड पॉलिशचा वास येत होता. तो वास मी ओळखतो, माझ्या व्हॅगनारमध्ये तीच बाटली आहे. ओळखला आणि सोडून दिला.

मग लॉगबुक. जाड निळ्या पुठ्ठ्याचं. २०१८ ते २०२३ च्या नोंदी. मी उभ्या उभ्या पानं चाळत होतो. एक ओळ मी मोठ्यानं वाचली. मोठ्यानं! "५ एप्रिल २०२०, लोकल, १ तास १० मिनिटं." तो म्हणाला, "हो काका, रेग्युलर उडत होतं, पडून राहिलेलं इंजिन नाही हे."

५ एप्रिल २०२०. रविवार. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं देशभर दिवे लावले ती रात्र. आमच्या सौ.नी गॅलरीत अकरा पणत्या लावल्या होत्या, वारा होता, मी आडोशाला पुठ्ठा धरून उभा होतो. शॉपला कुलूप. २५ मार्चपासून देशातली प्रवासी विमानं जमिनीवर होती, ती दोन महिन्यांनी, २५ मेला उडायला लागली. भाजी आणायला गेलो तरी नाक्यावर दांडका दिसत होता. आणि त्या दिवशी कुणीतरी हौशी गृहस्थ मायक्रोलाइट घेऊन सव्वा तास मजेत फिरून आले!

ही ओळ माझ्या तोंडून बाहेर पडली, माझ्या कानांनी ऐकली, आणि मेंदूत काही वाजलं नाही. सहा वर्षांच्या नोंदी एकाच निळ्या पेननं, एकाच तिरक्या अक्षरात, एकाही ठिकाणी ऑइलचं बोट लागलेलं नाही. माझ्या शॉपमधलं ग्राइंडरचं रजिस्टर आठवड्यात काळं होतं. इंजिनाचं लॉगबुक सहा वर्षं शुभ्र कसं राहील?

का वाजलं नाही, ते मला ठाऊक आहे. दहा मिनिटांपूर्वी त्यानं इंजिन चालू केलं होतं. गोदामातली धूळ उठली, पिंपावरचा कागद फडफडायला लागला, आणि तो आवाज छातीत बसला. सहा वर्षं मी एक एक रिवेट मोजत ज्या आवाजाची वाट पाहिली तो समोर होता. त्यानंतर मला कुणी गणपतीची वर्गणीची पावती इंजिनाचं सर्टिफिकेट म्हणून दिली असती तरी मी घेतली असती. तुम्ही तिथं असता तर तुम्हीही घेतली असती. मला अक्कल शिकवू नका.

आणि बॅगेतली गोष्ट तर सांगायचीच राहिली. माझ्या बॅगेत १,८५० रुपयांचा, फेरे मोजणारा लेझर टॅकोमीटर होता. शंभर हॉर्सपॉवरच्या यूएलएसचा गिअरबॉक्स २.४३ चा असतो, म्हणजे इंजिनाच्या २.४३ फेऱ्यांना प्रॉपेलरचा एक फेरा. काट्यावर इंजिन मिनिटाला ४,००० फेरे दाखवत असेल तर प्रॉपेलर साधारण १,६५० ला फिरला पाहिजे. १,७६० दिसला तर गिअरबॉक्स २.२७ चा, म्हणजे ऐंशीचं इंजिन. बॅगेची चेन उघडायची, बटण दाबायचं, एवढंच. पण समोर आपला मराठी माणूस उभा, त्याच्यावर अविश्वास कसा दाखवायचा? संकोच वाटला. या संकोचाची किंमत वर दिलीच आहे.

एप्रिलमध्ये इंजिन शेडमध्ये आलं. सार्जंटसाहेब रविवारी आले, पाचच मिनिटं बघितलं आणि चष्मा पुसायला लागले. हे त्यांचं वाईट बातमीचं लक्षण. होजवरचं पॉलिश पुसल्यावर छापलेलं वर्ष दिसलं, २०११. लॉगबुकात लिहिलंय, '२०२२ मध्ये सर्व रबर बदलले'. रोटॅक्सचं रबर पाच वर्षांनी बदलायचं असतं हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. मग गिअरबॉक्स काढला, क्रँकशाफ्टच्या टोकाला वाकडेपणा मोजणारं डायल गेज लावलं आणि हातानं सावकाश एक फेरा दिला. काटा ०.२३ मिलिमीटर हलला. मी गेज काढून पुन्हा लावलं. पुन्हा ०.२३. माझ्या शॉपमधून पंपाचा शाफ्ट जरी असा निघाला असता तरी मी भंगारात टाकला असता. सार्जंटसाहेब म्हणाले, "प्रॉपेलर जमिनीला आपटलाय कधीतरी. चालत्या इंजिनात." पुढं हेड काढलं. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ७९.५ मिलिमीटर. यूएलएसचा ८४ असतो. म्हणजे शंभरचं नव्हेच, ऐंशीचं, आणि वर शंभरची प्लेट. प्लेटच्या खाली जुन्या प्लेटच्या गोंदाचा चौकोन तसाच होता.

खरं सांगू? ऐंशी हॉर्सपॉवरचं सरळ क्रँकचं इंजिन असतं तरी माझं काम भागलं असतं. ७०१ ला तेवढं पुरतं. खरं बोलून विकलं असतं तरी मी घेतलं असतं.

हे इंजिन बसवून विमान हवेत नेलं असतं तर काय झालं असतं, ते मी घरी कुणाला सांगितलेलं नाही.

फोन केला. पहिल्यांदा उचलला. "काका, सेकंडहँड माल आहे, जसा आहे तसा." दुसऱ्यांदा मीटिंगमध्ये. तिसऱ्यांदा नंबर अस्तित्वात नाही. कार्डावरच्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान. गोदाम भाड्याचं, मार्च अखेरीस रिकामं केलेलं.

आता पोलीस. ठाण्यातल्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "विमान? कोणाचं विमान? परवानगी छे?" मी फिर्यादी म्हणून गेलो होतो, दहा मिनिटांत आरोपीसारखा उभा. नोंदणी आणि परवानगीशिवाय उडवता येत नाही, मी उडवलेलं नाही, पत्रव्यवहाराची फाइल ही बघा, असं सांगितलं. कांदिवलीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादवांनी सहा सीटचं विमान बांधलं, २०१६ मध्ये ते बीकेसीत मांडलं होतं, २०१७ मध्ये त्याला नोंदणीही मिळाली, हेही सांगितलं. साहेब म्हणाले, "ए मुंबई मां." मग आतून दुसऱ्या साहेबांना बोलावलं, 'आ काका विमान बनावे छे' म्हणून दाखवलं. त्यांनी फोटो काढला माझ्या फाइलमधल्या फोटोचा. पोराला दाखवायला!

शेवटी निकाल, "काका, आ तो सिविल मॅटर छे." दिवाणी दावा करा. खोटी प्लेट, खोटं लॉगबुक, खोटा पत्ता, हे दिवाणी? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? दुसऱ्यांदा गेलो तर म्हणाले, माल अंकलेश्वरला पाहिला ना, तिकडं जा. तिकडं गेलो तर म्हणाले, पैसे बडोद्याच्या बँकेतून गेले ना, तिकडं जा. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवायची फिर्याद, हा शब्द उच्चारला तर तिथला हवालदार माझ्याकडं असा बघायला लागला जणू मी त्याच्या आईवरून बोललो. बँकेत मॅनेजर म्हणाले, तुम्ही स्वतः सही करून आरटीजीएस केलंय. एका सरकारी कार्यालयाला रजिस्टर पोस्टानं पत्र, सोबत प्लेटचे सहा फोटो. अडीच महिन्यांनी उत्तर आलं. माझ्याच पत्राची झेरॉक्स, वर शिक्का, 'योग्य कार्यवाहीसाठी'. कोणाकडं, ते नाही. आजपर्यंत माझ्या हातात काय आहे? अर्जाची पोच. एक निळा गोल शिक्का, त्यातली तारीखही नीट उमटलेली नाही. सात लाख अठ्ठ्याऐंशी हजारांचा गोल शिक्का.

आणि रोख रकमेचं. सीएनं मला समोर बसवून झापलं. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेताच येत नाही, १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम २६९एसटी. दंड घेणाऱ्याला असतो, पण पुरावा देणाऱ्याचा जातो. मी तरी काय करणार, तो म्हणाला 'मालकांना कॅनडाला जाण्याआधी कॅश लागतेय'. ज्या क्षणी कुणी रोख म्हणेल त्या क्षणी उठा. चहा अर्धा राहिला तरी.

जुनं इंजिन बघायला जाल तर गिअरबॉक्स काढू द्या म्हणा, प्रत्यक्ष डायल गेज लावा. नाही म्हणाला तर घरी या. लॉगबुक कॅलेंडर शेजारी ठेवून वाचा, आणि इंजिन चालू करून दाखवण्याआधी वाचा, नंतर नाही. पैसे ऑनलाइन गेले असतील आणि संशय आला असेल तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला त्याच तासात फोन करा. मी बावीस दिवसांनी केला. आणि आपलेपणानं बोलणाऱ्याचं कौतुक करा, बाकरवडी खाऊ घाला, पण बोअर मोजा.

फोटोत मागं निळं पिंप आणि तीन पात्यांचा काळा टेस्ट प्रॉपेलर असलेलं इंजिन कुणाला विकायला आलेलं दिसलं तर मला कळवा. लॉगबुकाची प्रत माझ्याकडं आहे, अक्षर जुळवून देईन.

इंजिन सध्या शेडच्या कोपऱ्यात पॅलेटवर, ताडपत्रीखाली आहे. नवा क्रँकशाफ्ट घालून पुन्हा बांधायचं की नाही हे सार्जंटसाहेब आणि मी दर रविवारी बोलतो आणि ठरवत नाही. परवा भंगारवाला टर्निंगचा कचरा न्यायला आला, ताडपत्री उचलून बघितली. "शेठ, आ अल्युमिनियम आपवानुं छे?" किलोला १५५ देतो म्हणाला. सगळं मिळून साठेक किलो भरेल.