पावाशिवायचा मीटलोफ, बोकडाच्या खिम्याचा: सात महिन्यांच्या वापरानंतर

मीटलोफ म्हणजे खिमा पावाच्या लादीच्या आकारात थापून भाजलेला पदार्थ. आधी निकाल. मीटलोफ बिघडायचाच असेल तर तो बहुतेक वेळा खाटकाच्या दुकानातच बिघडलेला असतो, ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) बिचारा उगाच बोल खातो. आठवड्याला एक या हिशेबाने सात महिन्यांत तीसेक लोफ झाले. सुरुवातीच्या पाच-सहांचा एक तर भुगा झाला, नाहीतर चामडं. दर वेळी दोष खिम्यात निघाला.

हा प्रकार कार्निव्होर आहारासाठी आहे. म्हणजे मांस, अंडी, चरबी, मीठ आणि बाकी जवळजवळ काही नाही. मूळ अमेरिकी मीटलोफ बरोबर उलट्या गरजेतून घरोघर पोचला. १९३० च्या मंदीत थोडकं मांस पाव, ओट्स घालून पुरवठ्याला आणायचं, हा त्याचा धंदा. पण पावाचा चुरा नुसता वजन वाढवत नाही. भाजताना मांसातली प्रथिनं आकसतात आणि रस बाहेर पिळून काढतात. चुरा मधे बसून त्यांना घट्ट मिठी मारू देत नाही आणि सुटलेला रस पिऊन ठेवतो. आपल्याकडच्या शामी कबाबात हरभऱ्याची डाळ हेच करते. पावाचा चुरा काढला की लोफ आकसतो, वरून तडकतो आणि ट्रेमध्ये रसाचं तळं होतं. म्हणून पावाची जागा दुसऱ्या कशाने तरी भरावी लागते. त्यावर आमच्या कोल्हापुरात सगळ्यात सोपं उत्तर आहे: पाया, म्हणजे बोकडाचे पाय.

चार पाये भाजून, खरवडून, चिरा देऊन बुडेल एवढ्या पाण्यात कुकरला मंद आचेवर तासभर ठेवायचे. मीठसुद्धा नको. गाळलेलं पाणी रुंद पातेल्यात निम्मं होईपर्यंत आटवायचं आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. सकाळी वर चरबीची पांढरी पापडी आणि खाली थरथरणारी जेली मिळते. चमचा मारला तर कापलेली कड उभी राहिली पाहिजे. पळी लागेल इतकी पातळ असेल तर पुन्हा आटवा. ही जेली बारीक चिरून खिम्यात मिसळली की भाजताना वितळते, पण त्यातलं जिलेटिन पाणी धरून ठेवतं आणि काप ओलसर राहतात. एका वेळच्या पायांत तीन-चार लोफची जेली होते. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवता येते.

आता प्रमाण. पुढच्या फऱ्याचा (खांद्याकडच्या मांसाचा) खिमा ७५० ग्रॅम, गुर्द्याभोवतीची चरबी १५० ग्रॅम, कलेजी १०० ग्रॅम, पायाची जेली ८० ग्रॅम, अंडी २, बारीक मीठ १५ ग्रॅम, म्हणजे छोटे चमचे सपाट भरून अडीच. जाडं मीठ असेल तर चमच्यावर जाऊ नका, वजन करा. हे २० बाय १० सेंटीमीटरच्या ब्रेडच्या साच्यात बसतं आणि भाजून ८५० ते ९०० ग्रॅम उरतं.

चरबी एवढी कशाला, असं पहिल्यांदा प्रत्येकाला वाटतं. इंटरनेटवरच्या पाककृती बीफच्या वीस टक्के चरबीच्या खिम्यावर बेतलेल्या असतात. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी आहे, त्यामुळे तो हिशेब इथे तसाच उचलून उपयोग नाही. बोकडाचं मांस मुळात कमी चरबीचं. नुसत्या मांडीचा लोफ केला तर तो भाजलेल्या विटेसारखा होतो. शिवाय या आहारात धान्य नाही, म्हणजे पोट भरायचं काम चरबीच करते.

खाटकाला काय सांगायचं ते नीट सांगा. ज्या कोल्हापुरात २०१९ च्या अखेरीस मटणाच्या दरावरून आंदोलन पेटलं, तिथल्या गिऱ्हाइकाला मागणी कशी करायची हे शिकवायला नको. पण खिम्याच्या बाबतीत मात्र आपण 'अर्धा किलो खिमा द्या' म्हणून मोकळे होतो. मग उरलेसुरले तुकडे, शिरा, पडदे सगळं त्यात जातं. पुढचा फरा दाखवून घ्या, हाड काढायला लावा, पांढऱ्या शिरा आणि चिवट पडदे बाजूला करायला सांगा. चरबी वेगळी तोलून घ्या आणि मांसाबरोबरच मशीनमधून काढा, एकदाच, जाड जाळीतून. दोनदा काढलेला खिमा लगदा होतो आणि लोफची घट्ट, रबरी वडी होते. ओंडक्यावर सत्तूरने तोडलेला खिमा चवीला सरस यात वाद नाही, पण त्यात हाडाची कच येते. घरी ताटात पसरून बोटांनी चाचपल्याशिवाय तो वापरू नये.

सगळ्यात मोठी चूक अजून पुढेच आहे: खिमा धुणे. आपल्याकडे मटण धुतल्याशिवाय चैन पडत नाही. पण खिमा पाण्यात घातला की तो स्पंजासारखा पाणी पितो, चाळणीत कितीही निथळा, जात नाही. ते पाणी ओटीजीत सुटतं, लोफ भाजण्याऐवजी उकडतो आणि सुरी लावली की भुगा. धुवायचंच असेल तर अख्खे तुकडे धुवून, फडक्याने कोरडे टिपून मग खिमा करायला द्या. काही दुकानांत मशीन सुरळीत चालावी म्हणून वरून पाणी मारतात. ते समोर उभं राहून थांबवा.

मिसळण्याची रीत थोडक्यात सांगता येत नाही, कारण बांधणी इथेच होते. कलेजी अर्धवट गोठवून जाड किसणीवर किसा. मऊ कलेजी किसणीला फासते, गोठवलेली सुटी पडते. वरचा पातळ पापुद्रा आधी काढा. खिमा, चरबी आणि परात तिन्ही थंड हवीत. खिमा फ्रीझरमध्ये २० मिनिटं, कडा नुसत्या कडक होईपर्यंत. एप्रिल-मे महिन्यात यात कुचराई करू नका. हाताच्या उबेने चरबी वितळून मांसाला माखली की मांस मांसाला धरत नाही, आणि मग अंडी चार घाला नाहीतर सहा घाला. आधी फक्त चरबीसकटचा खिमा आणि मीठ घेऊन दोन-तीन मिनिटं कणकेसारखं मळायचं. मिठामुळे मांसातली प्रथिनं सुटतात आणि चिकट होतात. तोच इथला डिंक. मूठभर गोळा तळव्याला चिकटवून हात उलटा करा, पडला नाही तर झालं. मग अंडी, कलेजी आणि जेली घालून हलक्या हाताने अर्ध्या मिनिटात आटपा. जेलीचे दाणे दिसत राहिले पाहिजेत. सुपारीएवढा गोळा चपटा करून तव्यावर भाजून मीठ चाखा. लोफ ओटीजीत गेल्यावर मीठ वाढवता येत नाही.

कलेजी शंभर ग्रॅमच्या वर नेऊ नका. कलेजीला स्वतःची बांधणी नसते, जास्त झाली की काप खरखरीत आणि कडसर होतो. तिच्यात अ जीवनसत्त्व भरपूर असतं, त्यामुळे रोज खायची ती वस्तू नव्हे, आणि गरोदर बाईने तर तिच्याशिवायचाच लोफ खावा. अंडीही दोनच. तिसऱ्या अंड्याने लोफ फुगतो, उसळतो, कापाला ऑम्लेटची लवचिकता येते.

साच्याबद्दल. साच्यातच भाजलेला लोफ स्वतःच्या चरबीत शिजतो. वरचा थर तपकिरी, तीन बाजू राखाडी आणि ओल्या. उघड्या ट्रेवर हाताने थापलेला लोफ चहूकडून छान भाजतो, पण पसरून भाकरी होते. दोन्हीच्या मधला रस्ता टिकला: साच्याला बटर पेपर लावून मिश्रण दाबून भरायचं, ओट्यावर दोन-चारदा आपटून हवा काढायची, तासभर फ्रिजमध्ये ठेवायचं, मग जाळीवर उलटं करून साचा आणि कागद काढून टाकायचा. जाळीखाली ट्रे, ट्रेमध्ये अर्धा कप पाणी. पाणी नसेल तर गळणारी चरबी जळते आणि धुराने घर भरतं. पोटाची जाळीदार चरबी मिळाली तर वरून शालीसारखी पांघरा. भाजताना ती वितळून जाते आणि वर तडा जात नाही.

ओटीजी १५ मिनिटं १८० अंशांवर तापवून घ्या. पहिली ४० मिनिटं फक्त खालचा रॉड, मग दोन्ही, एकूण ६५ ते ७५ मिनिटं. वेळ वजनापेक्षा जाडीवर ठरते, त्यामुळे लोफ सहा सेंटीमीटरपेक्षा उंच करू नका. आमच्या ओटीजीचं बटण १८० दाखवतं तेव्हा आत १६० असतं. हे आतमध्ये वेगळा ओव्हन थर्मामीटर टांगल्यावर कळलं. कंपनीकडे तक्रार केली तर 'एवढा फरक असतोच' हे उत्तर. आता बटण २०० वर ठेवतो आणि विषय सोडून दिला. तीस लिटरचा, दीड हजार वॅटचा ओटीजी एका लोफला एक ते सव्वा युनिट वीज खातो.

सळईचा थर्मामीटर मात्र घ्याच. मधोमध ७१ अंश आले की बाहेर. खिम्यात वरचे जंतू आतपर्यंत मिसळलेले असतात, त्यामुळे त्याला अख्ख्या तुकड्यासारखं आतून गुलाबी ठेवून चालत नाही. कोंबडीचा केलात तर ७४. रंगावर विसंबू नका. ७१ वरही कधी आत गुलाबी झाक राहते, आणि कधी त्याआधीच राखाडी दिसतो. ७७-७८ च्या पुढे गेला की जेली, चरबी सगळं करूनही कोरडा. बाहेर काढून १५ मिनिटं हात लावायचा नाही. गरम कापला की रस ताटात आणि काप चार तुकड्यांत.

ओटीजी नसेल तरी अडत नाही. कोथिंबीर वडीची रीत लावा. अर्धं मिश्रण तूप लावलेल्या चपट्या डब्यात भरून, वर फॉइल बांधून मोदकपात्रात ४५-५० मिनिटं उकडा. इथेही थर्मामीटर तोच. पूर्ण गार करून बोटभर जाड वड्या कापा आणि तव्यावर चरबीत दोन्हीकडून लालसर करा. खरं सांगायचं तर तापमान न धरणाऱ्या स्वस्त ओटीजीपेक्षा हा मार्ग बरा. भाजलेला वास थोडा कमी पडतो, पण ओलावा जास्त राहतो.

चव. कोल्हापुरी जिभेला नुसतं मीठ म्हणजे पहिले दोन आठवडे शिक्षाच. कांदा-लसूण मसाल्यात कांदा, लसूण, तीळ, खोबरं सगळं येतं, म्हणजे या आहाराच्या बाहेर. शिवाय उघड्या पृष्ठभागावर तो जळून कडू होतो. पांढऱ्या रश्शात खोबरं, काजू, खसखस, तोही गेला. उरते ती आळणी. रस्सा फोडणीला टाकायच्या आधी मटण शिजल्याचं जे पाणी निघतं, ते हळद, आलं, लसूण न घालता केलं की लोफच्या कापावर गरम ओतायला त्याच्यासारखं काही नाही. फार कडक नियम नसतील तर मिश्रणात चमचाभर भरडलेली मिरी घाला. घरातली बाकीची मंडळी हेच काप तांबड्या रश्शात सोडून भाकरीबरोबर खातात, त्यामुळे एका घरात दोन स्वयंपाक होत नाहीत. सोय म्हणून हा मुद्दा मोठा आहे.

कोंबडीचा लोफ तीनदा करून सोडून दिला. दुकानातला ब्रॉयलरचा खिमा बहुतेक छातीचा, पाणचट. करायचाच तर कातडीसकट लेगपीस सोलून खिमा करा, किंवा निम्मा कोंबडीचा, निम्मा बोकडाचा.

वापरात खटकणारी गोष्ट एकच, आणि तिच्यावर इलाज नाही: बोकडाची चरबी गार झाली की मेणासारखी घट्ट होते आणि टाळूला थापते. थंडगार काप डब्यात नेऊन खायचा हा अमेरिकी थाट इथे जमत नाही. दोन सेंटीमीटरचे काप तव्यावर मंद आचेवर झाकण ठेवून गरम करा, वेगळं तूप-तेल लागत नाही. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस. त्यापुढे काप बटर पेपरने वेगळे करून फ्रीझरमध्ये, तिथे दोन-तीन महिने चव टिकते. काप गोठलेलाच तव्यावर टाकला तर बाहेर करपतो आणि आत बर्फ, म्हणून आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये उतरवा.

मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, मूत्रपिंडाचा किंवा युरिक अ‍ॅसिडचा त्रास असेल तर हा आहार डॉक्टरांना विचारूनच. कलेजी तर युरिक अ‍ॅसिडवाल्यांनी वगळावीच.

साच्याचं बोलायचं तर पहिला नॉनस्टिक होता. सुरीने आतच काप पाडल्यामुळे चार महिन्यांत कोटिंग सुटलं, दोष आमचाच. नंतर केकच्या सामानाच्या दुकानातून साधा जाड अ‍ॅल्युमिनियमचा आणला. आत बटर पेपर असल्यामुळे तो घासावाही लागत नाही. ट्रेमधलं मात्र बघा. खाली जमलेला तपकिरी रस आणि वरची चरबी गरम असतानाच बरणीत गाळून घ्या, गार झाल्यावर चरबी वर, जेली खाली असे दोन थर होतात. चरबी अंडी तळायला, जेली पुढच्या लोफला. सिंकमध्ये ओतलीत तर ती नळीत मेणबत्तीसारखी गोठते आणि मग उकळतं पाणी ओतत बसावं लागतं, तेही दर वेळी कामाला येत नाही.